‘मॅडम, तो उजेड कशाचा होता?’

या सदराच्या टपालात एरवी ग्रहणं, उल्कावर्षाव आणि ‘कोणती दुर्बीण घ्यावी’ हे तीन विषय ठरलेले. अलीकडे मात्र एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो आहे: आभाळात काहीतरी विचित्र दिसलं, ते क्षेपणास्त्र होतं का? म्हणून हे सगळं सदर त्यालाच दिलं आहे. ज्यांनी शनीच्या कड्यांबद्दल विचारलं आहे त्यांनी धीर धरावा, कडी कुठे जात नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा खरगपूरला शिकत होता. १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी त्याने वसतिगृहाच्या गच्चीवरून व्हिडिओ पाठवला. कुणी टॉर्च मारल्यागत पांढरा झोत आकाशात उभा, खाली निमुळता आणि वर पसरलेला. काही मिनिटांत विरून गेला. नंतर कळलं की अग्नी-५ ची चाचणी होती. पण ती तर ओडिशात झाली, मग बंगालमध्ये कशी दिसली? आणि आम्ही वर्ध्यात त्याच वेळी अंगणात होतो, आम्हाला काहीच कसं दिसलं नाही?
— एक वडील, वर्धा

उत्तर: तुमच्या मुलाने व्हिडिओसोबत वेळही कळवली, हे फार चांगलं केलं. सगळं उत्तर त्या वेळेतच आहे.

चाचणी झाली ती ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. खरगपूर तिथून सरळ उत्तरेला, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आकाशाच्या हिशेबात हे अंतर म्हणजे शेजारच! शंभर किलोमीटर उंचीवरची वस्तू हजार-अकराशे किलोमीटर दूरच्या माणसाला क्षितिजावर दिसू शकते. म्हणूनच त्या संध्याकाळी कोलकाता, बांकुडा, झारखंडचा काही भाग आणि बांगलादेशातल्या लोकांनीही मान वर केली.

आता उजेडाचं. तो क्षेपणास्त्राच्या ज्वाळेचा नव्हता, उन्हाचा होता. डिसेंबरच्या मध्याला त्या किनाऱ्यावर पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला जमिनीवर अंधारून आलेलं असतं, पण पन्नासएक किलोमीटरच्या वर अजून ऊन असतं. अग्नी-५ हे तीन टप्प्यांचं क्षेपणास्त्र, सुमारे १७ मीटर उंच, ५० टन वजनाचं, घन इंधनावर चालणारं. घन इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती जळून तिच्या ऑक्साइडचे बारीक पांढरे कण नळीतून बाहेर पडतात. खाली हवा दाट असते तोवर हा धूर एका रेषेत राहतो. वर हवा विरळ होत गेली की त्याला दाबून धरणारं काही उरत नाही, आणि तो शेकडो किलोमीटर रुंद पसरतो. खाली अंधार आणि वर उन्हात न्हालेला हा पसारा. मुलाने पाहिला तो झोत हाच.

याच कारणाने मध्यरात्रीच्या चाचणीत असं काही दिसत नाही. वरचा धूरही तेव्हा पृथ्वीच्या सावलीत असतो, सरकणारा एक ठिपका तेवढा दिसतो. भर दुपारी आकाशच इतकं उजळ असतं की धूर त्यात हरवतो. सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयाआधीचा तासाभराचा काळ, तेवढीच संधी.

राहिला वर्धा. वर्धा आणि अब्दुल कलाम बेट जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण वर्धा साडेआठ अंश पश्चिमेला. म्हणजे तुमच्याकडे सूर्य त्यांच्यापेक्षा अर्ध्या तासाहून थोडा उशिरा मावळतो. साडेपाचला बेटावर संधिप्रकाश होता आणि तुमच्या अंगणात चक्क ऊन होतं. अंतर जवळपास नऊशे किलोमीटर. इतक्या दुरून तो धूर पूर्वेला क्षितिजाला टेकूनच दिसला असता, तोही अंधार असता तर. तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही.

मुलाच्या मित्रांमध्ये ‘चीनने काहीतरी सोडलं’ अशी चर्चा झाली, असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. साहजिक आहे. त्याआधी सहाच दिवस, ९ डिसेंबरला, तवांगजवळ यांगत्से भागात दोन्ही सैन्यांची झटापट झाली होती. लोकांच्या मनात जे चाललेलं असतं, तेच त्यांना आकाशात दिसतं.

प्रश्न: २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आमच्या डोक्यावरून जळते तुकडे ओळीने गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत भलंमोठं कडं पडलं. आजही पारावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो उपग्रहाचा भाग, दुसरा म्हणतो चिनी क्षेपणास्त्र, सरकारने दडपलं. आणि कुणाच्या घरावर पडलं असतं तर भरपाई कुणी दिली असती?
— वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर: त्या संध्याकाळी मी नागपुरात गच्चीवर होते. गुढी केव्हाच उतरवली होती, गाठ्या पोरांनी वाटून घेतल्या होत्या. पावणेआठच्या सुमारास पिवळट-लाल तुकड्यांची माळ एकाच वेगाने, जवळजवळ क्षितिजाला समांतर सरकत गेली. आवाज मुळीच नाही. पुढचा तासभर फोन थांबला नाही. शेजारच्या मावशींचा पहिला प्रश्न, “काय वो बाई, विमान पेटलं का?”

पारावरच्या दुसऱ्या पक्षाला माझ्याकडून एक गोष्ट विचारा: सूर्य किती वाजता मावळला होता? चंद्रपुरात त्या दिवशी साडेसहाच्या आत. पावणेआठ म्हणजे सव्वा तास उलटून गेलेला. या तुकड्यांना उन्हाची गरज नव्हती, ते स्वतःच्या तापाने पेटले होते. ताशी पंचवीसएक हजार किलोमीटर वेगाने येणारी वस्तू शंभर किलोमीटरच्या खाली आली की समोरची हवा इतकी दाबली जाते की वस्तू आणि हवा दोन्ही तापून उजळतात. म्हणजे वर जाणारी वस्तू उन्हात चमकते आणि खाली येणारी स्वतः जळते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या अफवा गळून पडतील.

दुसरी खूण म्हणजे चाल. नैसर्गिक अग्निगोल काही सेकंदांत संपतो. क्षेपणास्त्राचं टोक परत येतं तेव्हा ते तिरकं, खोल उतरतं आणि तेही सेकंदांचंच काम असतं. खानदेश, वऱ्हाड ओलांडून चंद्रपूरपर्यंत आडवी, सावकाश, तुटत-तुटत जाणारी माळ ही कक्षेतून घसरलेल्या अवजड वस्तूचीच असते. ती होती चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं. त्याने आपला उपग्रह पोचवला आणि रिकामा टप्पा वर्षभराहून अधिक काळ लांबट कक्षेत फिरत राहिला. दर फेरीला वातावरण त्याला थोडं घासत होतं. शेवटी पाडव्याला, नेमका आपल्यावर, त्याचा तोल सुटला.

लाडबोरीचं कडं सुमारे तीन मीटर व्यासाचं होतं. जिल्ह्यात इतरत्र धातूचे गोळेही सापडले. रॉकेटमध्ये दाबाखाली वायू साठवायला अशा टाक्या असतात, आणि जाड, गोल असल्याने त्याच शेवटपर्यंत टिकतात. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेलं, इस्रोची माणसं येऊन तपासून गेली. दडपायचं असतं तर ठाण्याच्या आवारात सेल्फी काढायला गर्दी होऊ दिली नसती!

भरपाईचा कायदा आहे. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. वापर फारसा झालेला नाही. २४ जानेवारी १९७८ ला सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवर चालणारा कॉसमॉस-९५४ उपग्रह उत्तर कॅनडात कोसळला. बर्फातून किरणोत्सारी तुकडे वेचायला महिने गेले. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर तोड झाली. कॉसमॉस कोसळल्याच्या पुढच्याच वर्षी, ११ जुलै १९७९ ला, अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाशातली प्रयोगशाळा पडली तेव्हा आपल्याकडे काय घबराट होती ते माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. पडली ती हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात.

आणि चीनला नावं ठेवताना हेही माहीत असू द्या: जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर एक मोठा दंडगोल वाहत आला. तो निघाला आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा.

प्रश्न: सोबत एक फॉरवर्ड जोडतो आहे. नॉर्वेच्या आकाशात प्रचंड पांढरा भोवरा, मध्यभागातून निघालेला निळा किरण. खाली लिहिलंय, ‘ओबामांच्या नोबेलच्या आदल्या दिवशी उघडलेलं दुसऱ्या विश्वाचं दार’. फोटो खरा वाटतो. खोटा आहे का?
— वाचक, पुणे

उत्तर: फोटो खरा आहे. खालची ओळ तेवढी पुसून टाका. ‘आदल्या दिवशी’ हेही खरं. ९ डिसेंबर २००९ ची सकाळ होती आणि ओबामांना १० तारखेला ऑस्लोत शांततेचं नोबेल मिळायचं होतं. अफवेला याहून चांगलं खतपाणी कुठून मिळणार!

उत्तर नॉर्वेत डिसेंबरमध्ये सूर्य उगवतच नाही. सकाळी पावणेआठ-आठला तो क्षितिजाखाली असतो, पण फार खाली नाही. वर सांगितलेली संधी तिथे तासन्‌तास टिकते. अशा वेळी शेकडो किलोमीटर पूर्वेला, रशियाच्या श्वेत समुद्रात, ‘दिमित्री दोन्स्कोय’ या पाणबुडीतून बुलावा क्षेपणास्त्र सुटलं. जायचं होतं कामचात्का द्वीपकल्पावरच्या कुरा चाचणीक्षेत्रात. पहिले दोन टप्पे नीट जळले, तिसऱ्यात बिघाड झाला. जोर एका बाजूने लागू लागला आणि टप्पा स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला. आता दिवाळीतलं भुईचक्र डोळ्यांसमोर आणा, फक्त ते हवा नसलेल्या जागी फिरतंय असं समजा. ठिणग्यांना अडवायला, वळवायला काहीच नाही. प्रत्येक कण सुटला त्या वेगाने सरळ जात राहतो आणि वर्तुळं मोजून काढल्यासारखी रेखीव होतात. लोक म्हणाले, इतकं सुबक काही निसर्गात घडत नाही, म्हणजे हे कुणा बुद्धिमान प्राण्याचं काम. सुबकपणा आला तो मुळात हवा नसल्यामुळे. निळसर वळणदार शेपूट म्हणजे खालच्या टप्प्यांनी वाटेत सोडलेला धूर. फोटोत ते भोवऱ्यातून निघाल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात भोवरा त्याच्या टोकाला आहे.

इथे मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. श्वेत समुद्रात त्या दिवसांसाठी जहाजांना सावधगिरीची सूचना दिलेली होती. समुद्रावरच्या माणसाला कळवलं, आकाशाकडे बघणाऱ्या माणसाला नाही. चाचणी फसली हे रशियाच्या संरक्षण खात्याने मान्य केलं ते दुसऱ्या दिवशी. मधल्या चोवीस तासांत भोवरा जगभर फिरून आला होता. तुमच्या फॉरवर्डमधलं ‘दार’ उघडलं ते या चोवीस तासांत.

याच भागातली एक उलटी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २५ जानेवारी १९९५. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या आंडोया बेटावरून शास्त्रज्ञांनी ब्लॅक ब्रँट जातीचं चार टप्प्यांचं संशोधन-रॉकेट सोडलं. कशासाठी? ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला. आकाशातल्या दिव्यांचा शोध घ्यायलाच ते निघालं होतं. रशियाच्या रडारवर मात्र ते अमेरिकी पाणबुडीतून सुटलेल्या ट्रायडंट क्षेपणास्त्रासारखं दिसलं. अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांच्या आदेशाची पेटी उघडली गेली. काही मिनिटांनी कळलं की रॉकेट रशियाच्या दिशेने येतच नाहीये. शेवटी ते स्पिट्सबर्गेनजवळ समुद्रात पडलं. नॉर्वेने रशियाला आधी कळवलं होतं बरं का! पत्र पोचलं होतं, रडारवर बसलेल्या माणसापर्यंत गेलं नव्हतं. जगाचं भवितव्य एखाद्या कार्यालयातल्या आवक-जावक वहीपाशी अडकू शकतं, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या वाचकांना पटायला जड जाऊ नये.

प्रश्न: मी आठवीत आहे. रॉकेट आणि क्षेपणास्त्र यात फरक काय? आमचे सर म्हणतात एकच असतं.
— विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: सर बऱ्याच अंशी बरोबर आहेत. टोकावर उपग्रह ठेवला आणि त्याला पृथ्वीभोवती फिरत राहण्याइतका वेग दिला की प्रक्षेपक. टोकावर स्फोटक ठेवलं, वेग थोडा कमी ठेवला आणि ते ठरलेल्या जागी परत जमिनीवर येऊ दिलं की क्षेपणास्त्र. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह नेणारं आपलं एसएलव्ही-३ आठव. त्याच्याच पहिल्या टप्प्यावर २२ मे १९८९ ला पहिलं अग्नी उडालं. दोन्ही प्रकल्पांत डॉ. अब्दुल कलाम होते.

तुला आणखी एक गंमत सांगते. भारताच्या भूमीवरून पहिलं रॉकेट उडालं २१ नोव्हेंबर १९६३ ला, केरळमधल्या थुंब्याहून. ते अमेरिकेचं नायके-अपाची होतं आणि त्याच्या पोटात सोडियम होतं. संध्याकाळ मुद्दाम निवडली होती. वर गेल्यावर सोडियमची वाफ सोडली, तिच्यावर ऊन पडलं आणि केरळच्या आकाशात नारिंगी रेघ उमटली. ती कशी वाकडी होते हे पाहून उंचावरच्या वाऱ्यांचा वेग काढायचा होता. म्हणजे आपला अवकाश कार्यक्रमच आकाशातल्या एका विचित्र उजेडापासून सुरू झाला! सरांना विचार, त्यांना हे माहीत आहे का.

प्रश्न: आम्ही दोह्यात राहतो. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी बाल्कनीतून आकाशात दिवे वर जाताना, फुटताना पाहिले आणि खिडक्या हादरल्या. तेव्हापासून लेक आकाशात काही चमकलं की आत पळते. इकडे रोज बातमी, आज या देशाने चाचणी केली, उद्या त्या देशाने. चाचणी कोणती आणि हल्ला कोणता, हे साध्या माणसाने कसं ओळखावं?
— एक आई, दोहा

उत्तर: ताई, तुम्ही पाहिलात तो हल्लाच होता. इराणने अल उदैद या अमेरिकी लष्कराच्या तळावर सोडलेली क्षेपणास्त्रं आणि त्यांना अडवायला खालून सुटलेली अस्त्रं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. लेकीला ‘काही नव्हतं’ असं सांगू नका, तिने पाहिलंय. काय होतं ते सांगा.

फरक ओळखण्याची पहिली खूण म्हणजे आवाज. तुम्ही स्फोट ऐकले, कारण ते जवळ झाले. चाचणीचा उजेड बहुतेक वेळा शेकडो किलोमीटर दूरचा असतो आणि निःशब्द असतो. ७ नोव्हेंबर २०१५ ला अमेरिकेच्या ‘केंटकी’ पाणबुडीतून कॅलिफोर्नियाजवळ ट्रायडंट सुटलं तेव्हा लॉस एंजेलिसपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत लाखो लोकांनी निळा-पांढरा पंखा पाहिला, ऐकलं कुणीच काही नाही. ७ जून २०१२ ला रशियाने कापुस्तिन यार इथून टोपोल सोडलं, तर इस्रायल, लेबनॉन, सीरियातून पोलिसांना फोन गेले.

दुसरी खूण तुम्हाला बाल्कनीतून दिसणार नाही, पण ती खरी महत्त्वाची. चाचणी जाहीर असते. विमानांना ‘नोटॅम’ जातो, जहाजांना समुद्राचा कोणता पट्टा किती वाजल्यापासून टाळायचा ते कळवलं जातं. बंगालच्या उपसागरातला बंद पट्टा नकाशावर मोजून, कोणतं क्षेपणास्त्र उडणार याचे अंदाज बांधणारी हौशी मंडळी आहेत, आणि ते अंदाज पुष्कळदा बरोबर येतात. शत्रूंनीही एकमेकांना कळवायचं असतं. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने ३१ मे १९८८ ला करार केला, मोठ्या क्षेपणास्त्राच्या उड्डाणाआधी किमान चोवीस तास सूचना. भारत-पाकिस्तानने ऑक्टोबर २००५ मध्ये सही केली, किमान तीन दिवस आधी. कारगिलनंतर सहाच वर्षांनी झालेला हा करार आजही पाळला जातो, आणि त्याचं मला दर वेळी नवल वाटतं. २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय हेग आचारसंहितेतही सामील झाला.

त्यामुळे ‘अमुक देशाने चाचणी केली’ या बातमीने मी घाबरत नाही. अमेरिका कॅलिफोर्नियातल्या वँडेनबर्गहून मार्शल बेटांकडे मिनिटमन क्षेपणास्त्रं दरवर्षी सोडते. चीनने २५ सप्टेंबर २०२४ ला प्रशांत महासागरात आंतरखंडीय क्षेपणास्त्र टाकलं. १९८० नंतर प्रथमच, पण काही देशांना आधी कळवून. भारताने २० ऑगस्ट २०२५ ला पुन्हा अग्नी-५ उडवलं. यात दंड थोपटणं आहेच, मी ते नाकारत नाही. पण दंड थोपटणारा निदान समोर उभा असतो.

मला धास्ती वाटते ती न कळवता सुटणाऱ्यांची. उत्तर कोरियाचं क्षेपणास्त्र २९ ऑगस्ट २०१७ ला जपानच्या होक्काइदोवरून गेलं. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला कॅथे पॅसिफिकच्या प्रवासी विमानातल्या वैमानिकांनी अशाच एका क्षेपणास्त्राचे तुकडे होताना पाहिले. त्या विमानाला कुठलाही नोटॅम गेला नव्हता. आणि आपल्याकडे पाहा: ९ मार्च २०२२ ला भारताचं ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. वर स्फोटक नव्हतं म्हणून निभावलं. पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ब्राह्मोस खालून, विमानासारखं हवेतूनच उडणारं, क्रूझ जातीचं. २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक, म्हणजे अग्नीसारख्या उंच वर जाऊन खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रांचा. ही फट अजून उघडीच आहे. ब्राह्मोस गेलं तेव्हा ना झोत दिसला ना भोवरा. सगळ्यात धोकादायक दिवस बाल्कनीतून अगदी साधा दिसू शकतो. हे मात्र लेकीला आत्ताच सांगू नका.

प्रश्न: एका सरळ रेषेत पन्नास-साठ दिवे रेल्वेच्या डब्यांसारखे गेले. क्षेपणास्त्रांचा ताफा?
— वाचक, यवतमाळ

उत्तर: स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. मे २०१९ पासून हे सुरू आहे. एका रॉकेटमधून डझनावारी उपग्रह सोडतात आणि ते आपापल्या जागी पांगेपर्यंत काही दिवस असे ओळीने दिसतात.

प्रश्न: तुम्ही प्रत्येक गोष्टीला रॉकेट नाहीतर ग्रह म्हणून मोकळ्या होता. सरकारच्या शास्त्रज्ञांनाही उत्तर सापडत नाही अशा घटना आहेत, रशियातलं पेत्रोझावोद्स्क घ्या. त्यावर बोला.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर: बोलते. उदाहरण तुम्ही उत्तम निवडलं आहे.

२० सप्टेंबर १९७७, पहाटे चारच्या सुमारास, करेलियातल्या पेत्रोझावोद्स्क शहरावर प्रकाशाची जेलीफिश तरंगली. किरणांचे धागे खाली सोंडेसारखे लोंबत होते. फिनलंडपर्यंत लोकांनी ती पाहिली. शास्त्रज्ञांना उत्तर सापडलं नाही म्हणता? त्याच पहाटे, त्याच सुमारास, तीन-चारशे किलोमीटर पूर्वेला प्लेसेत्स्कहून कॉसमॉस-९५५ हा टेहळणी उपग्रह उडाला होता. अडचण एकच: प्लेसेत्स्क नावाचं प्रक्षेपणकेंद्र अस्तित्वात आहे, हेच सोव्हिएत सरकार १९८३ पर्यंत मान्य करत नव्हतं. ब्रिटनमधल्या एका शाळेच्या मास्तरांनी आणि पोरांनी उपग्रहांच्या कक्षा मोजून ते केंद्र १९६६ मध्येच शोधून काढलं होतं. रशियातल्या नागरिकाला मात्र ते विचारायची सोय नव्हती. ज्या जागेचं नावच घ्यायचं नाही, तिथून उडालेल्या रॉकेटचं नाव कोण घेणार? त्यापेक्षा परग्रहवासी बरे, त्यांच्यामुळे कुणाची नोकरी जात नाही. पुढे सोव्हिएत विज्ञान अकादमी आणि लष्कराने अशा घटना अनेक वर्षं नोंदवल्या. त्यातल्या बहुतेकांचं मूळ रॉकेट उड्डाणांत आणि बलूनमध्ये निघालं.

राहिला माझा ‘ग्रह म्हणून मोकळं होण्याचा’ मुद्दा. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर आपल्या जवानांनी सहा महिने दोन तेजस्वी वस्तूंवर पाळत ठेवली. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता, शेकडो नोंदी झाल्या. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. एक होता गुरू, दुसरा शुक्र. जवानांना हसू नका. त्या उंचीवर, त्या विरळ हवेत शुक्र खरोखर डोळ्यांत भरतो, आणि समोर शत्रू असताना शंका घेणं हे त्यांचं कामच आहे. त्यांनी वेळा आणि दिशा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून तर निकाल लागला.

प्रश्न: परवा रात्री समुद्रावर मोठा पांढरा उजेड दिसला. बराच वेळ होता. नौदलाची गुप्त चाचणी का?
— वाचक, हर्णै

उत्तर: ‘परवा’ म्हणजे कधी? पत्रावर तारीख नाही. किती वाजता, तेही नाही. पण ‘बराच वेळ’ एवढं तरी लिहिलंत, आणि क्षेपणास्त्र बराच वेळ कुठेच थांबत नाही. उजेड ढगांच्या पोटावर खालून पडला होता का, ते आठवून पाहा. तसं असेल तर तो एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या नौकांचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, आणि बंदरावरच्या कुणालाही विचारा, नौका कुणाच्या ते तुम्हाला नावानिशी सांगतील. मला पत्र लिहिण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याला लिहा.